सिद्धान्त परीक्षेपुरते नसतात
परिचर्येचे (नर्सिंगचे) सिद्धान्त परीक्षेपुरते असतात आणि नेतृत्व हा केवळ स्वभावाचा भाग आहे, हे मत मला पटत नाही. परिचारिकेने रुग्णासाठी सगळे करायचे, काही भाग करायचा की शिकवून आधार द्यायचा, असे तीन प्रकार परिचर्या-तज्ज्ञ डोरोथिया ओरेम यांच्या स्व-काळजीच्या, म्हणजे रुग्णाने स्वतःची काळजी स्वतः घेण्याच्या, सिद्धान्तात आहेत. पाळी बदलताना प्रमुख परिचारिकेने रक्तदाबाच्या नोंदींबरोबर ‘आज इन्सुलिन रुग्णाने स्वतः टोचले का, हात थरथरला का’ एवढे विचारले, तरी या तीनपैकी कोणता प्रकार हवा ते कळते आणि पुढच्या पाळीचे काम बदलते. मग परिचारिका सिरिंज रुग्णाच्या हाती देते आणि शेजारी उभी राहते. माझ्या मते नेतृत्व ते हेच, आणि त्यासाठी पद लागतेच असे नाही. परिचर्या-तज्ज्ञ पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या, नवशिक्यापासून निष्णातापर्यंतच्या परिचारिकेच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या तर ड्यूटी लावताना रोज डोळ्यांसमोर हव्यात, कारण रात्रपाळीला सगळ्याच नवशिक्या परिचारिका असल्या, तर प्रकृती ढासळण्याआधी वाढलेला श्वास किंवा अचानक आलेली अस्वस्थता वेळीच ओळखणारे कोणी उरत नाही.