जुना २० वॅट पल्स्ड फायबर लेझर घरी कसा तपासावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरीतल्या जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडून मार्किंग मशीनमधला २० वॅटचा पल्स्ड फायबर लेझर घेतला आहे. नुसता सोर्स, म्हणजे किरण तयार करणारा डबा; गॅल्व्हो (किरण फिरवणारे आरसे), लेन्स, कंट्रोल कार्ड काही नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालून द्यायचं काम सुरू करायचं आहे. पुढचा खर्च करण्याआधी सोर्समध्ये दम किती उरलाय ते कळायला हवं. खराब निघाला तर महिनाअखेरपर्यंत परत घ्यायचं व्यापाऱ्याने कबूल केलंय.

२४ व्होल्ट दिले की पंखे फिरतात, लाल गाइड बीम स्वच्छ गोल येतो. पण तो वेगळ्या छोट्या डायोडचा. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या मुख्य, न दिसणाऱ्या बीमबद्दल त्यावरून काहीच कळत नाही. डीबी-२५ कनेक्टरची माहिती मॅन्युअलमध्ये मिळाली: पिन १ ते ८ पॉवर, ९ लॅच (पॉवरचा आकडा पक्का करणारी), १८ मास्टर ऑसिलेटर (मूळ पल्स तयार करणारा), १९ अ‍ॅम्प्लिफायर (तो वाढवणारा), २० पल्सची वारंवारता, २३ इमर्जन्सी स्टॉप. हे अर्डुइनोने (छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाने) चालवणार आहे.

अडलंय ते मोजण्यापाशी. पॉवर मीटर परवडत नाही. म्हणून २०० ग्रॅमचा काळा अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) वापरावं म्हणतो: ठोकळ्यावर बीम पाडायचा आणि तो किती तापला ते बघायचं. एक ग्रॅम एक अंशाने तापायला ०.९ ज्यूल, म्हणजे २० वॅट मिनिटभर पडले तर साधारण ६.७ अंश वाढ. हे धरून चालेल का?

आणि चष्मा. माझ्याकडच्या हिरव्या चष्म्यावर काहीच छापलेलं नाही. घरात लहान मुलं आहेत, वर्कशॉप जिन्याखालीच आहे. डोळ्यांच्या बाबतीत मला कसलीही जोखीम नको आहे.

प्रतिसाद

आधी चष्मा. तो वापरू नका. १०६४ डोळ्यांना दिसत नाही, पापणी मिटत नाही, आणि किरण थेट दृष्टिपटलावर एकवटतो. २० किलोहर्ट्झला तुमच्या एका पल्समध्ये १ मिलिज्यूल असतो. पल्स १०० नॅनोसेकंदांचा धरला तर क्षणिक शक्ती १० किलोवॅट. युरोपीय मानकाच्या चष्म्यावर तरंगलांबी, 'एलबी' आकडा आणि अक्षर छापलेलं असतं. नुसतं 'डी' म्हणजे अखंड बीमसाठी. तुम्हाला 'आर' पाहिजे. चष्मा असला तरी सगळी मांडणी पत्र्याच्या बंद पेटीत करा. साधं अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट १०६४ ला आरपार जाऊ देतं, तेव्हा खिडकी ठेवूच नका. दार उघडलं की २४ व्होल्टच तुटतील असा स्विच लावा.

ठोकळ्याची कल्पना चांगली आहे, पण अ‍ॅनोडायझिंगचा काळा रंग फसवतो. डोळ्यांना काळा दिसणारा रंग अवरक्त किरण बऱ्यापैकी परत फेकू शकतो. ठोकळ्यात खोल भोक पाडा, आतून सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा रंग द्या आणि बीम थोडा तिरका आत सोडा. कोलिमेटरकडे, म्हणजे बीम बाहेर पडतो त्या तोंडाकडे, सरळ काही परतता कामा नये. मग ठोकळ्यावर १० ओहमचा पॉवर रेझिस्टर घट्ट बसवा. १० व्होल्ट दिले की बरोबर १० वॅट. मिनिटभरात किती अंश वाढले ते लिहून ठेवा आणि लेझरची वाढ त्याच्याशी ताडून बघा. अ‍ॅल्युमिनियमचा हिशेब, हवेत जाणारी उष्णता, सगळे प्रश्न एकदम मिटतात. मला ही पद्धत महागड्या मीटरइतकीच भरवशाची वाटते.

अर्डुइनो रीसेट होताना त्याच्या पिना ना चालू ना बंद अशा लोंबकळतात, म्हणून १८ आणि १९ ला पुल-डाउन रेझिस्टर (पिन बंदच धरून ठेवणारे) हवेतच. २३ ला ५ व्होल्ट मिळाल्याशिवाय सोर्स चालणार नाही. आधी वारंवारता, मग १८, काही मिलिसेकंदांनी १९. मॅन्युअलमधल्या किमान वारंवारतेच्या खाली कधीही जाऊ नका. पल्समधली ऊर्जा वाढून आतला फायबरच जळू शकतो.

सुरुवात १० टक्क्यांपासून करा. पूर्ण पॉवरला १६-१७ वॅट मिळाले तर ठेवा. १२ च्या खाली असेल तर मी परत करेन.

धागाकर्ता

मनापासून आभार. चष्मा येईपर्यंत १९ नंबरची पिन जोडत नाही. तोवर पेटी आणि रेझिस्टरची जोडणी उरकतो, आकडे आले की इथेच देतो. एक शंका राहिली: रेझिस्टर बसवायला थर्मल पेस्ट पुरेल, की स्क्रूने आवळावा?