मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येतोय, पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?

प्रश्न (कोरी_पाटी): मुलगा १६ वर्षांचा. गांजा रोजचा, शेवटी कोडीनचं सिरप आणि झोपेच्या गोळ्याही. ४५ दिवस केंद्रात राहून पुढच्या आठवड्यात घरी येतोय. केंद्राने कागद दिलाय, 'वेळ द्या, विश्वास ठेवा'. त्यातून हाती काही लागत नाही. लघवीची चाचणी घरी करावी का? नियम किती कडक ठेवायचे? आणि पुन्हा घेतलंच तर त्या रात्री काय करायचं?

उंबरठा: शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण जीव तिथे जातो. कोडीन अफूच्या वर्गातलं. ४५ दिवस बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते, डोक्यातलं माप मात्र जुनंच राहतं. पूर्वीइतकं सिरप, वर झोपेची गोळी, की श्वास मंदावतो. हाका मारून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने चोळूनही जाग नाही, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, घशात घरघर. ही घरघर लोक घोरणं समजतात आणि दार लोटून घेतात. तसं करू नका. रुग्णवाहिका बोलवा. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडून; उलटी झाली तरी श्वासनलिकेत जात नाही. श्वास थांबत असेल तर फोनवर सांगतील तसा सीपीआर द्या.

डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना नॅलोक्सोनबद्दल, म्हणजे अफूच्या वर्गातल्या नशेवरच्या उताऱ्याबद्दल, विचारा. नाकाचा स्प्रे मिळाला तर एक फवारा, २-३ मिनिटांत फरक नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, म्हणून मुलगा उठून बसला तरी रुग्णालयात न्यायचंच. झोपेच्या गोळ्यांवर मात्र त्याचा उपयोग नाही.

निळी_शाई: चाचणी करा, पण ती आधी समुपदेशकासमोर तिघांनी ठरवलेली असावी. भांडण झालं की कप पुढे करायचा, असं झालं तर मुलगा फक्त चकवायला शिकतो.

पट्टी उलटी वाचली जाते, हे लक्षात ठेवा: नियंत्रणरेषा (पट्टी नीट चालल्याची खूण) उमटलेली असताना चाचणीची रेष दिसली तर निगेटिव्ह, नाहीशी झाली तर पॉझिटिव्ह. फिकट रेषही निगेटिव्हच. त्या फिकट रेषेवरून घराघरांत महाभारत होतं. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत गांजा ३० दिवस, कधी त्याहूनही जास्त दिसतो. सकाळची पहिली लघवी घ्या. पाण्यासारखी असेल तर निकाल धरू नका. तापमानपट्टीचा कप असेल तर ४ मिनिटांच्या आत ३२ ते ३८ अंश दिसायला हवं. ट्रॅमाडॉल (वेदनेची गोळी) आणि झोपेच्या काही गोळ्या साध्या पट्टीत सापडत नाहीत, थिनर किंवा गोंद हुंगलेलं तर नाहीच. पॉझिटिव्ह आलं तर प्रयोगशाळेतून खात्री होईपर्यंत आरोप नको.

दोन_पावलं: नियम तीनच, लेखी: घरात नशा नाही, ठरलेल्या वेळी घरी, समुपदेशन चुकवायचं नाही. मोडल्यास काय होईल तेही आत्ताच लिहा, आणि झेपेल तेवढंच. 'घराबाहेर काढीन' लिहून तुम्ही काढणार नसाल तर बाकीचे दोन नियमही गेले. आई-वडिलांपैकी एकाने गुपचूप पैसे दिले तरी तेच. पहिला पाठपुरावा ७ दिवसांच्या आत, तारीख केंद्रातूनच घेऊन निघा. घरातली सगळी औषधं, खोकल्याचं सिरपसुद्धा, कुलपात.

नशेत असताना फक्त सुरक्षितता बघा, जाब दुसऱ्या दिवशी. थिनर हुंगताना दिसला तर ओरडू नका, मागे धावू नका. दचकल्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू होऊ शकतो.

कोरी_पाटी: आभार. तो म्हणतो झोप लागत नाही, डोळे उघडे ठेवून पडलेला असतो. सौम्य गोळी चालेल?

उंबरठा: स्वतःहून नाही. गांजा सुटल्यावर झोप बिघडलेली राहते, महिना-दीड महिनाही. उठायची वेळ सुट्टीतही तीच ठेवा, दुपारनंतर चहा-कॉफी बंद, मोबाइल रात्री खोलीबाहेर. डॉक्टरांना सांगताना गोळ्यांची सवय होती हे आधी सांगा. आणि त्या पुन्हा रोज सुरू झाल्याचं कळलं तर घरी एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते. तसाच डॉक्टरांकडे न्या.