मागच्या चाकांचे अलाइनमेंट जुळत नसल्यास काय करावे?

प्रश्न: पुढच्या चाकांचे अलाइनमेंट नुकतेच करून घेतले असूनही सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे वळलेले राहते आणि मागच्या एका टायरची आतली कड लवकर झिजते. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाके जोडणारा एकसंध आडवा भाग) असल्याने तेथे काहीच जुळवता येत नाही, असे वर्कशॉपने सांगितले. यावर उपाय आहे का?

उत्तर १: मागच्या दोन चाकांचा टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेले असण्याचा कोन) असमान असला की थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाके गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा कोन, गाडीच्या मध्यरेषेपासून सरकतो आणि गाडी सरळ ठेवण्यासाठी स्टिअरिंग वाकडे धरावे लागते, त्यामुळे केवळ पुढची चाके जुळवून हा दोष जाणार नाही. चारही चाकांची मोजणी करून घ्या आणि आकड्यांचा छापील अहवाल मागून घ्या.

उत्तर २: टॉर्शन बीमला जुळवणीची सोय सहसा नसते, हे खरे, परंतु स्टब अॅक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड आस) बोल्टने बसवलेला असेल, तर बीम आणि त्याच्यामध्ये पाचरीच्या आकाराची शिम (पातळ चकती) घालून टो व कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) थोडे सुधारता येतात. त्याआधी बीमचे बुश (रबरी जोड) आणि चाकाचे बेअरिंग तपासावे. स्टब किंवा बीमच वाकला असेल, तर तो बदलणेच योग्य; शिम ही तेथे निव्वळ मलमपट्टी ठरते, आणि काही वर्कशॉप तीच आधी सुचवतात.

उत्तर ३: बुश बदलल्यास त्यांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असतानाच अखेरचे आवळावेत, अन्यथा रबर पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटते. त्यानंतर मागची चाके आधी तपासून, स्टिअरिंग मध्यावर रोखून मगच पुढचा टो जुळवावा.