‘टोन बोटांत असतो’ हे नवशिक्याला ऐकवणं थांबवा

तारसप्तक

इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "टोन बोटांत असतो, गिअरमध्ये नाही." टोन म्हणजे आवाजाचा पोत, आणि गिअर म्हणजे गिटार, ॲम्प, आवाज बदलणारी पायातली पेडलं हे सगळं साहित्य. मला हे पटत नाही. शिकणाऱ्याला तर ते ऐकवूच नये.

या वादात ब्रिटिश रॉक गिटारवादक जेफ बेकचं नाव हटकून येतं, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करतो. पिक (तार छेडायची चकती) बाजूला ठेवून तो अंगठ्याने आणि बोटांनी वाजवायचा. करंगळी व्हॉल्यूमच्या नॉबवर, ट्रेमोलोचा (तारांचा ताण बदलून सूर वर-खाली करणारा) दांडा हाताशी. व्हॉल्यूम मिटवून तार छेडायची आणि मग करंगळीने तो हळूच उघडायचा. तारेवरचा आघात ऐकूच येत नाही, गळ्यातून निघावा तसा स्वर उगवतो. त्यावर दांड्याने मींड. ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण हे साधायला ब्रिज (गिटारच्या अंगावरचा तारांचा आधार) तरंगता लागतो, म्हणजे दांडा खाली दाबता येईल तसा वरही ओढता येईल. शिवाय दांडा सोडला की तार नेमक्या त्याच सुरावर परतली पाहिजे, नटमध्ये (गिटारच्या डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीत) अडकून चालत नाही. त्याच्या नावाच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारला रोलर नट (फिरत्या आधारांवर तार सरकू देणारा) बसवलेला असतो, तो याचसाठी.

क्वीन बँडच्या ब्रायन मेने १९६३ साली वडिलांबरोबर स्वतःची गिटार बांधायला घेतली. नेकचं (गिटारच्या मानेचं) लाकूड जुन्या फायरप्लेसचं, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटरसायकलच्या इंजिनातल्या. ब्लॅक सबाथ बँडचा टोनी आयोमी डावखुरा, आणि फ्रेटवरच्या (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांपाशी तार दाबणाऱ्या) उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेलेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा दीड स्वर खाली उतरवल्या. ज्यांच्या बोटांचे आपण गोडवे गातो ते सगळे आयुष्यभर गिअरशी झटापट करत आले आहेत. आणि ज्याच्या गिटारची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) डोंगराएवढी आहे त्या पोराला आपण सांगतो, रियाज कर.

मंद्र

तुमची उदाहरणं तर माझ्याच बाजूने बोलतात. मे आणि आयोमी यांच्याकडे ‘योग्य गिअर’ नव्हतंच. कान आधी होता, मिळेल ते साहित्य त्या कानामागे आलं. आज मेच्या गिटारची नक्कल विकत मिळते. ती घेणाऱ्यांपैकी कितीजण त्याच्यासारखे वाजतात?

ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगचं व्हायब्रेटो (स्वराची थरथर) बघा. अंगठा नेकपासून सुटलेला, तर्जनीचं टोक तारेवर रोवलेलं आणि सगळा पंजा तिच्याभोवती थरथरतो. एकच स्वर, पण दुसऱ्या क्षणाला कळतं कोण वाजवतंय. ते कुठल्या पेडलमध्ये मिळत नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मुलं संध्याकाळच्या संध्याकाळ पेडलांची तुलना ऐकण्यात घालवतात. पेडलबोर्ड वाढत जातो, वाजवणं आहे तिथेच. एक परीक्षा सुचवतो. सगळं बंद करा, रिव्हर्ब (आवाजातली घुमणूक) सुद्धा. स्वच्छ आवाजात एक पूर्ण स्वराचा बेंड (तार बाजूला ताणून सूर चढवणं) रेकॉर्ड करा आणि दोन फ्रेट पुढच्या स्वराशी ताडून बघा. बहुतेकांचा बेंड उतरलेला निघतो. त्यावर इलाज फक्त बोटं आणि कान.

निषाद

मी गिटार दुरुस्त करतो, त्यामुळे दोघांचंही थोडं थोडं खोडून काढणार आहे.

मंद्र, परीक्षा चांगली आहे, पण तरंगत्या ब्रिजवर घेऊ नका. एक तार ताणली की ब्रिज पुढे झुकतो. बाकीच्या तारा उतरतात आणि ताणलेली तारही वर जायला जास्त जोर मागते. तीच बोटं, तोच माणूस, फिक्स्ड ब्रिजवर बेंड बरोबर लागतो. दुसरं, नटची खाच अरुंद असेल तर बेंडनंतर तार मूळ सुरावर येत नाही. वाजवणारा बिचारा स्वतःच्या कानाला दोष देत बसतो.

तारसप्तक, तुम्ही रोलर नटपर्यंत पोहोचलात, पण बहुतेक गिटारींना नवं काही लागतच नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा. पाव मिलीमीटरच्या आसपास असली की नेक ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक सुधारणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली दोन मिलीमीटर आणि बारीक तारेखाली दीडेक ठेवा, बऱ्याच जणांना तेवढी ॲक्शन मानवते. शेवटी इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वर) आणि दाबलेला स्वर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा भाग) मागे घ्या.

आणि पिकअप (तारेची थरथर पकडणारं चुंबकी उपकरण)! जोरदार आवाज हवा म्हणून लोक ते पार तारेला भिडवतात. सिंगल कॉइल प्रकारच्या पिकअपच्या चुंबकांनी जाड तार ओढली जाते आणि वरच्या फ्रेटवर एकाच स्वरात दोन सूर हेलकावे घेतात. मग ‘गिटार सुरात लागत नाही’ म्हणून माझ्याकडे येते. दोन स्क्रू सैल केले की काम झालं.

मंद्र

ही देखभाल झाली. तिला माझा विरोध कधीच नव्हता. माझा विरोध खरेदीला आहे.

तारसप्तक

मग तुमचं वाक्य बदला ना. ‘गिअरने काही होत नाही’ असं ऐकलेला मुलगा ट्रस रॉडलाही हात लावत नाही.

आणखी एक मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. बोटं शिकतात कशावरून? कानावर परत येणाऱ्या आवाजावरून. व्हॉल्व्ह ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) आवाज फाटायच्या जेमतेम काठावर ठेवा. हलकं छेडलं तर आवाज स्वच्छ, जोर लावला तर गुरगुर. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की पुन्हा स्वच्छ. हातातला प्रत्येक फरक ऐकू येतो, म्हणून हात सुधारतो. याउलट गेन (आवाज फाटवणारा ॲम्पचा नॉब) भरमसाट चढवला की हलका-जोरकस सगळे आघात एकाच उंचीला दाबले जातात. त्या आवाजात वर्षानुवर्षं वाजवणाऱ्याला आपला उजवा हात कसा चालतो हे कळायचं कसं? बेकची ती करंगळी अशाच हळव्या ॲम्पसमोर घडू शकते.

मंद्र

हा मुद्दा मान्य, अगदी मनापासून. पण त्यासाठी मुलाला व्हॉल्व्ह ॲम्प घ्यायला लावलात तर मी पुन्हा भांडायला येणार. आहे त्याच ॲम्पवरचा गेन निम्म्यावर आणायला काही विकत घ्यावं लागत नाही.