बॉर्डर राउटरवर आरपीएफ चेक: स्ट्रिक्ट कुठे लावायचं?

नेटवाला_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगली-मिरज भागात आमचा छोटा ब्रॉडबँडचा धंदा आहे. मुंबईत दोन अपस्ट्रीम (ज्यांच्याकडून आम्ही इंटरनेट घेतो), शिवाय डी-सिक्स मुंबई या इंटरनेट एक्स्चेंजवर पीअरिंग, म्हणजे इतर नेटवर्कशी थेट देवाणघेवाण. बॉर्डरला सिस्को एएसआर १००१-एक्स, त्यामागे पीपीपीओईसाठी, म्हणजे ग्राहकांच्या लॉगिनसाठी, मायक्रोटिकचे सीसीआर राउटर. स्वतःचा एक /२२, म्हणजे १०२४ आयपींचा गट आहे. एक इंजिनिअरिंग कॉलेज आमच्याशी बीजीपी (नेटवर्कनी एकमेकांना रूट सांगायची पद्धत) करतं, त्यांची दुसरी लाइन वेगळ्या कंपनीची.

एका अपस्ट्रीमचा मेल आलाय की तुमच्या पोर्टवरून परक्या सोर्सची (पाठवणाऱ्याचा आयपी तुमचा नसलेली) पॅकेट्स येतायत, सगळी यूडीपी ५३ आणि १२३ कडे, म्हणजे डीएनएस आणि एनटीपीकडे जाणारी. यूआरपीएफ (सोर्सकडे परत जायचा रूट बघून पॅकेट तपासणं) लावा, नाहीतर पोर्ट बंद. साहेबांचं म्हणणं, बॉर्डरच्या सगळ्या इंटरफेसवर त्याचा स्ट्रिक्ट प्रकार मारा आणि मोकळे व्हा. मला धास्ती वाटते, कारण एकीकडून गेलेला ट्रॅफिक दुसरीकडून परत येतो हे ग्राफमध्ये रोज दिसतं. कुणी सांगेल का?

जुना_नॉकवाला:
धास्ती रास्त आहे, आणि तो मेलही रास्त आहे.

स्ट्रिक्ट एवढंच बघतं: पॅकेट ज्या इंटरफेसवर आलं, त्याच्या सोर्सकडे जायचा बेस्ट पाथ त्याच इंटरफेसने आहे का? समजा १९८.५१.१००.७ कडे जायचा तुमचा रूट पहिल्या अपस्ट्रीमने आहे आणि उत्तर दुसऱ्याने आलं, की ते पॅकेट मेलं. मग फोन सुरू होतात, 'काही साइट उघडतात, काही नाही', आणि फायबरवाला बिचारा उगाच खांबावर चढतो. साहेबांना सांगा, बीसीपी ३८ म्हणजे आरएफसी २८२७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम-दस्तऐवज) मे २००० पासून हेच सांगतोय की ग्राहक जिथून आत येतो तिथेच सोर्स तपासा. दोन-दोन अपस्ट्रीमवाल्यांच्या भानगडीसाठी २००४ साली आरएफसी ३७०४ वेगळा लिहावा लागला.

तेव्हा खरं काम सीसीआरवर आहे. तिथे प्रत्येक पीपीपीओई सेशनचा /३२, म्हणजे एकाच आयपीचा रूट असतो, परतीची वाट एकच, त्यामुळे स्ट्रिक्ट तिथे चपखल बसतं. अडचण ही की मायक्रोटिकचं आरपी-फिल्टर (त्यांच्याकडचं यूआरपीएफ) 'आयपी सेटिंग्ज'मध्ये असतं, म्हणजे अख्ख्या बॉक्सला एकच. सीसीआर ते बॉर्डर एक मेन आणि एक बॅकअप लिंक असेल, तर वरून येणारा ट्रॅफिकही त्यात भरडला जाईल. मी 'फायरवॉल रॉ'च्या प्रीराउटिंगमध्ये नियम टाकतो: पीपीपीओई इंटरफेसवरून आलेलं आणि सोर्स आपल्या ॲड्रेस-लिस्टमध्ये नसलेलं सगळं ड्रॉप. सीजी-नॅट (अनेक ग्राहकांत एक पब्लिक आयपी वाटणं) असेल तर १००.६४.०.०/१० मधला तुमचा पूलही त्या लिस्टमध्ये हवा, कारण रॉ हे नॅटच्या आधी चालतं. तुमची घाण बहुधा इथूनच बाहेर पडते. नॅटचा नियम सोर्सचा पूल बघून लिहिलेला असतो, परका सोर्स त्यात बसत नाही, मग तो नॅट न होता जसाच्या तसा मुंबईला पोचतो.

अपस्ट्रीमच्या पोर्टवर यूआरपीएफ नको, साधी एसीएल (कुठला सोर्स चालेल, कुठला नाही याची यादी) लावा. बाहेर जाताना तुमचा /२२ आणि कॉलेजचे प्रिफिक्स (आयपींचे गट) परमिट, बाकी डिनाय. आत येताना तुमच्याच /२२ चा सोर्स असेल तर डिनाय. कॉलेजचा सोर्स मात्र आत येताना अडवू नका. त्यांचं पॅकेट दुसऱ्या लाइनने निघून तुमच्या ग्राहकाकडे अपस्ट्रीमवरून येऊ शकतं, त्यात खोटं काही नाही.

एमएक्स_नाशिक:
अपस्ट्रीमला निदान लूज (सोर्सचा रूट कुठल्याही इंटरफेसने असला की पास) तरी?

जुना_नॉकवाला:
फुल टेबल, म्हणजे अख्ख्या इंटरनेटचे रूट असतील तर लावा. अर्धवट टेबल आणि डिफॉल्ट रूट (बाकी सगळ्यासाठी एकच वाट) असेल तर सिस्को डिफॉल्टला धरतच नाही, भरपूर चांगला ट्रॅफिक मरतो. 'अलाउ-डिफॉल्ट' लिहिलं की काहीच तपासलं जात नाही. शिवाय एक्स्चेंजच्या पीअरिंग लॅनचे आयपी सहसा जगाच्या टेबलात नसतात, म्हणून लूज लावल्यावर ट्रेसराउटमध्ये चांदण्या (उत्तर न आलेले टप्पे) दिसायला लागतात. मला लूजचा खरा उपयोग एकच वाटतो: हल्ला करणाऱ्या सोर्सचा रूट नल-झिरोकडे (पॅकेट फेकून द्यायचा नकली इंटरफेस) वळवला की लूज त्याची पॅकेट्स बॉर्डरवरच टाकून देतं. आरएफसी ५६३५ मध्ये आहे ते.

एमएक्स_नाशिक:
पटलं. जुनिपरवाल्यांसाठी एक: 'फीझिबल-पाथ्स' चालू केलं की बेस्ट नसलेला, पण त्याच इंटरफेसवर ऐकलेला रूटही चालतो. आणि डीएचसीपीवाले ग्राहक असतील तर फेल-फिल्टर लिहा, म्हणजे तपासात नापास झालेल्यांपैकी कुणाला सोडायचं त्याचा नियम, नाहीतर ०.०.०.० वरून येणारं डिस्कव्हर (आयपी मागणारं पहिलं पॅकेट) मरतं.

नेटवाला_सांगली:
दादा, कॉलेजचा घोळ आहे. त्यांचे दोन /२४ आहेत. एकच आम्हाला ॲनाउन्स करतात (बीजीपीवर सांगतात), दुसरा फक्त त्या कंपनीला. पॅकेट्स मात्र दोन्हीची आमच्याकडून पाठवतात.

जुना_नॉकवाला:
मग फीझिबलही कामाचं नाही, रूटच तुमच्याकडे आलेला नाही. आरएफसी ८७०४ (२०२०) नेमका यासाठी आहे: त्या पोर्टवर ज्या एएसचा (बीजीपीतल्या स्वतंत्र नेटवर्कचा) एक तरी प्रिफिक्स ऐकू आला, त्या एएसचे बाकीचे प्रिफिक्सही मान्य करायचे, मग ते कुठूनही ऐकलेले असोत. पण एका ग्राहकासाठी एवढं कशाला? त्यांच्या पोर्टवर एसीएल लिहा, दोन्ही /२४ परमिट, बाकी डिनाय. किंवा त्यांना सांगा, दुसरा /२४ 'नो-एक्स्पोर्ट' (पुढे कुणाला सांगू नका अशी खूण) लावून द्या. तुमच्या लोकल-प्रेफने (रूटला तुम्ही दिलेल्या पसंतीने) तो बेस्ट होईल, स्ट्रिक्टही पास होईल, आणि बाहेरच्या जगाकडून त्यांचा येणारा ट्रॅफिक आहे तिथेच राहील.

आयपीव्ही६ देत असाल तर हे सगळं तिकडेही वेगळं करावं लागेल, व्ही४ चा नियम त्याला लागू होत नाही.

झालं की तपासा. सीसीआरवर रॉ नियमाचा काउंटर बघा, आणि जिथे यूआरपीएफ लावलं असेल त्या सिस्को इंटरफेसवर 'शो आयपी इंटरफेस'मध्ये व्हेरिफिकेशन ड्रॉप्सचा आकडा. मग काइडा या इंटरनेट-संशोधन संस्थेचं स्पूफर टूल (खोट्या सोर्सची पॅकेट्स बाहेर जातात का ते बघणारं) चालवा, लॅपटॉपवरून थेट पीपीपीओई डायल करून आणि पब्लिक आयपी घेऊन. मध्ये घरचा राउटर ठेवलात तर तोच नॅट करून टाकतो आणि निकालातून तुमच्या नेटवर्कबद्दल काही कळत नाही. निकाल चांगला आला की त्याची लिंक अपस्ट्रीमला त्याच मेलच्या उत्तरात पाठवा.