‘उंबरठा’नंतर थेट आर्ची? मधल्या बायका कुठं गेल्या, मालक?

जुनी मिल
काल आपल्या सोलापूरकरांच्या या धाग्यावर ‘दुपारचा शो’ यांनी ठोकून दिलं की ताठ कण्याची बाई दाखवावी तर सिनेमानंच. १९८२च्या ‘उंबरठा’तली स्मिता पाटील, त्यानंतर थेट २०१६च्या ‘सैराट’मधली आर्ची, आपली अकलूजची रिंकू राजगुरू, आणि मधल्या काळात मालिकांनी म्हणे नुसतं ग्लिसरीन खपवलं. स्मिताला कुणी हात लावत नाही. जब्बार पटेल पंढरपूरचे, तो अभिमान आम्हालाही आहे. पण हिशेब अर्धाच मांडलात, मालक.

त्याच ‘उंबरठा’ची पटकथा विजय तेंडुलकरांची. तीन वर्षांनी त्यांचीच मुलगी प्रिया दूरदर्शनवर ‘रजनी’ झाली आणि गॅसवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना जाब विचारत सुटली. १९८९ला ‘उडान’. कविता चौधरीनं ती स्वतः लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यातली पोलीस अधिकारी कल्याणी सिंगही स्वतःच साकारली. गोष्ट तिच्या सख्ख्या बहिणीची. त्या कांचन चौधरी पुढं २००४ला उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशातली त्या पदावरची पहिली बाई. मराठीत ‘दामिनी’तली प्रतीक्षा लोणकरची पत्रकार, १९९९ला ‘आभाळमाया’तली सुकन्या कुलकर्णीची सुधा जोशी. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण कळल्यावर सुधानं काय केलं ते आठवा, तेव्हा तुमच्या मोठ्या पडद्यावर काय चाललं होतं तेही आठवा.

आणि अभिनयाचंच म्हणाल तर रोहिणी हट्टंगडी. ‘गांधी’तल्या कस्तुरबासाठी बाफ्टा मिळालेली बाई ‘चार दिवस सासूचे’मध्ये आशा देशमुख होऊन तीन हजारांवर भाग उभी राहिली. तिचा अभिनय स्टुडिओच्या दारात काढून ठेवला होता का? सुरेखा सिक्रींचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार ‘तमस’साठी, आणि लोकांनी ‘तमस’ पाहिलं ते १९८८ला घरातल्या टीव्हीवर.

दुपारचा शो
यादी वाचली. ‘रजनी’, ‘उडान’, ‘तमस’ ही सगळी संपणारी कामं. माझं बोलणं रोजच्या मालिकेवर होतं, ते सोयीनं गाळलंत.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं लागतात. आठवड्याला सहा भाग द्यायचे म्हणजे रोज तेवढं उरकायलाच हवं. सिनेमात दिवसाला दोन-तीन मिनिटं पदरात पडली तरी दिग्दर्शक खूश असतो. मालिकेत दोन-तीन कॅमेरे एकदम चालतात, त्यामुळं एका चेहऱ्यासाठी दिवे लावताच येत नाहीत. चहूकडून सारखा उजेड. सावली गेली की डोळ्यांखालचा थकवाही गेला. सीन बऱ्याचदा त्याच दिवशी हातात पडतो, मेकअपच्या खुर्चीत बसून पाठ करायचा. आणि एक वाक्य झालं की दिवाणखान्यातल्या सहाही जणांचे चेहरे एकेक करून दाखवायचे. याला अभिनय म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

दुसरं, न संपणाऱ्या गोष्टीत खमकी बाई टिकूच शकत नाही. तिनं प्रश्न सोडवला की दुकान बंद. ‘आई कुठे काय करते’ डिसेंबर २०१९ला सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ला संपली. अरुंधतीनं घटस्फोट घेतला, पायावर उभी राहिली, आशुतोषशी लग्न केलं. गोष्ट इथं संपते. पण चॅनेलला संपवायची नव्हती, म्हणून आशुतोषला मारलं आणि बाईला परत सुरुवातीच्या चौकात आणून उभं केलं. ‘उंबरठा’त सुलभा घर सोडते आणि सिनेमा थांबतो. मालिकेत सोमवारी सासूला हार्ट अटॅक आणून तिला परत बोलावलं असतं.

अक्का, पूर्व भाग
दोघंही डोळ्यांनी बघणारे, म्हणून भांडताय. आमच्या भागात मालिका ऐकतात. कुंभारीला विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत संध्याकाळी सातनंतर कुठल्याही दारात डोकवा. मांडीवर सूप, नजर पानावर. पान कातरायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दाबायचं. मजुरी हजारी विड्यांवर. नजर हलली की वळ सैल पडतो, सैल विडी छाटात, म्हणजे नाकारलेल्या मालात, जाते आणि पैसे कापले जातात. अशा बाईला तुमची सावली आणि उजेड काय कामाचा?

म्हणून एकच गोष्ट तीन तोंडांनी सांगतात. आधी नायिका बोलते, मग सासू तेच विचारते, मग शेजारीण तेच तिसरीला कळवते. लेखक ढ असतो म्हणून हे होत नाही. म्हणून तर दर पात्राला वेगळी धून असते, मान वर न करता कोण आलं ते कळायला. आणि म्हणूनच अरुंधती झालेली मधुराणी प्रभुलकर चालली. तिचा आवाज ऐका. चढत नाही, वाक्याच्या शेवटी खाली बसतो. रागावलेली बाई हळू बोलायला लागली की सुपावरचे हात थांबतात.

दुपारचा शो
अक्का, मग रेडिओ काय वाईट होता?

अक्का, पूर्व भाग
रेडिओवर बायकांसाठी दुपारी पाककृती सांगायचे, मालक. घटस्फोट कसा घ्यायचा ते नव्हते सांगत.

पार्क चौपाटी
तुम्ही सगळे चुकीच्या बाया मोजताय. गोष्टीत ताकदवान कोण, तर गोष्ट जिच्यामुळं हलते ती. मालिकेची नायिका दाराआडून ऐकते आणि डोळे मोठे करते. कामं करते खलनायिका. विषाची बाटली तिनं आणायची, कागदावर सह्या तिनं घ्यायच्या, फोन तिनं लपवायचा.

याची उस्ताद आपल्याच गावची. शशिकला, जन्म सोलापूर, माहेरच्या जवळकर. ‘आरती’ आणि ‘गुमराह’साठी लागोपाठ दोन फिल्मफेअर, दोन्ही काळ्या भूमिकांना. गावात कितीजणांना माहीत आहे? आता ‘माझ्या नवऱ्याची बायको’ घ्या. त्यातली खलनायिका शनाया रसिका सुनीलनं केली, मग ईशा केसकरनं, मग परत रसिका आली, पात्र चालतच राहिलं. नटी बदलूनही उभं राहतं ते ताकदवान पात्र. नायिका राधिकेचं मसाल्याचं साम्राज्य मला विचारू नका. वजन, बॅच, तारीख, किंमत छापल्याशिवाय पाकीट दुकानात ठेवता येत नाही, अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, उधारी तीन-तीन महिने सुटत नाही. शेंगा चटणीचा धंदा करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, ते बघून हसेल.

हुतात्मा मंदिर, मागची रांग
शशिकला घेतली, सोलापूरच्याच गायिका-अभिनेत्री फैयाज राहिल्या. नोंद असावी.

बाळीवेस
आर्ची भारी का वाटली ते कुणीच बोलेना. बुलेटमुळं नाही बे, भाषेमुळं. करमाळ्याकडचं बोलणं तिच्या जिभेवर होतं, शिकवलेलं नव्हतं. मालिकांत सातारा, कोल्हापूर, सोलापूर सगळं एकाच कढईत. ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ पेरलं की झालं गाव. आपलं सोलापुरी ‘करलालाव’, ‘जाऊलालाव’ कुठल्या नायिकेच्या तोंडी ऐकलंय? रिंकूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला तेव्हा ती शाळकरी पोर होती.

हातमाग
भाषेचं राहू दे, आधी साडी बघा. मालिकेत गावाकडची खमकी आजी आली की तिला इरकल नेसवतात, आणि ती इरकल नसतेच. खऱ्या इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा, पदराचा ताणा वेगळा, लाल रेशमाचा. दोन्हींचे फासे एकमेकांत अडकवून जोड घेतात, तिला टोपी तेणी म्हणतात. त्यामुळं दर साडीला ताणा नव्यानं लावावा लागतो. पॉवरलूमवर ताणा अखंड, कितीतरी साड्यांचा एकत्र. तिथं पदराला फक्त बाणा, म्हणजे आडवे धागे, बदलतात. निळ्या ताण्यातून लाल बाणा गेला की पदर जांभळट, मळका दिसतो. पडद्यावर बघा, आजीचा पदर कधी लालभडक दिसत नाही. जी बाई गावाला धाकात ठेवते तिच्या अंगावर पॉलिस्टर! चादरीच्या गावातली माणसं आपण, हे आपल्यालाही दिसू नये?

कपडेपट
दिसतं, पण कारणं असतात. इरकलीच्या अंगावर बारीक रेघा, बारीक चौकडी. डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर लाटा उठतात, पात्र हललं की साडी पाण्यासारखी थरथरते. कडक खळीचं सुती कापड खरखरतं, आणि माइक छातीशी पदराखाली लावलेला असतो. तिसरं म्हणजे सलगता. सीन अर्धा आज, उरलेला चार दिवसांनी. तीच साडी, तशीच चुणी, पदर तेवढाच खाली. सुती साडी बारा तासांच्या शिफ्टमध्ये दोनदा चुरगळते, पॉलिस्टर झटकलं की झालं. सीन संपेपर्यंत साडी धुता येत नाही, चिठ्ठी लावून वेगळी टांगून ठेवतात.

हातमाग
तिन्ही अडचणींना उपाय आहेत. लाटा उठतात त्या ठरावीक अंतरावरच. कॅमेरा हातभर पुढं-मागं घेतला किंवा लेन्स बदलली की जातात. तेही नको असेल तर साधं अंग आणि ठसठशीत काठ असलेली इरकल मिळते, गोमी काठाची घ्या. खळ काढायची तर साडी साध्या पाण्यात भिजवा, दोनदा विसळा, सावलीत वाळवा. खरखर गेली. चुरगळण्याचं म्हणाल तर शेतावरून आलेल्या आजीची साडी चुरगळलेलीच असते. इस्त्रीची घडी पाठीवर घेऊन कोण खुरपायला जातं?

कपडेपट
एका मालिकेत पंधरा पात्रं, प्रत्येकाला दिवसाला दोन बदल. हातमागाच्या साडीचे पैसे कोण देणार? निर्माता चॅनेलकडून भागागणिक पैसे घेतो, साडीवर जास्त गेले की दुसरीकडून कापतो. आणि प्रेक्षकाला ‘नवी साडी’ हवी असते. तीच साडी आठवड्यात दोनदा दिसली की खाली प्रतिक्रियांचा पाऊस.

हातमाग
खऱ्या बाईकडं रोजच्या चार साड्या असतात. मालिकेतली कर्जबाजारी बाई महिनाभर साडी परत नेसत नाही आणि झोपताना जरीकाठ! मग शिवलेल्या नऊवारीचंही सांगा. ऐतिहासिक मालिकेत हातात तलवार आणि अंगात चेन लावलेली साडी.

कपडेपट
चेन असते, लपवत नाही. नऊवारी नीट नेसवायला सराईत हाताला दहा-पंधरा मिनिटं लागतात. आठ बायका दरबारात उभ्या करायच्या तर दिवे तयार आणि बायका आतच. शिवलेली दोन मिनिटांत चढते.

हातमाग
आणि दोन मिनिटांत उघडी पडते. शिवलेल्या काष्ट्याला मागं पिशवी येते. पाय लांब टाकला की सगळा ताण कमरेच्या शिवणीवर, म्हणून त्या नट्या तलवार घेऊन छोटी पावलं टाकतात. बसल्या की पुढच्या निऱ्या घोट्याच्या वर चढतात. नेसलेल्या साडीत गाठ कमरेला, निऱ्या खोचलेल्या, काष्टा मागं खोचलेला. कापड पायाबरोबर सरकतं. घोड्यावर मांड घालता येते ती यामुळंच. म्हणजे तुम्ही बाईची ताकद दाखवायला निघालात आणि तिची चालच बांधून टाकलीत.

जुनी मिल
धागा साड्यांचा झाला. स्मिता पाटील, सुधा जोशी राहिल्या बाजूला. विषय कुणी काढला होता?

हातमाग
विषयच चालू आहे. ज्या बाईला दोन पावलं नीट टाकता येत नाहीत तिला खमकी कशी म्हणायची, हे विचारतोय.

दुपारचा शो
हातमागवाले माझ्याच बाजूचे निघाले, आभार. रोज २२ मिनिटं उरकायची म्हणून चेन, म्हणून पॉलिस्टर, म्हणून सपाट उजेड. मुळात दुखणं एकच. बरं, जुनी मिल यांच्या समाधानासाठी रोहिणी हट्टंगडींपुरतं मागं घेतो. तीन हजार भागांत एक बाई उभी राहू शकते हे मान्य. बाकीच्या साडेतीनशे सुनांचं काय करायचं ते त्यांनी सांगावं.

जुनी मिल
उपकार झाले. सुरेखा सिक्रींनी ‘बालिका वधू’तली दादीसाही रोजच्याच मालिकेत केली होती, सपाट उजेडात. कोपऱ्यात पलंगावर बसून, नुसती मान वळवून घर हलवायची. तेवढंही मागं घ्या, म्हणजे मग आपण सुनांकडं वळू.

अक्का, पूर्व भाग
ती दादीसा इकडं तेलुगू घरांतपण चालायची. हिंदी अर्धी कळायची, आवाज पुरा कळायचा.

पार्क चौपाटी
दादीसा सुरुवातीला खलनायिकाच होती. माझा मुद्दा.

कपडेपट
हातमाग, गोमी काठाची साध्या अंगाची इरकल सोलापुरात कुठल्या बाजूला खात्रीनं मिळेल? लाटांचं तुमचं म्हणणं एकदा चाचणी घेऊन बघतो. पटलं असं नाही म्हणत.

हातमाग
दुकानाचं नाव इथं टाकत नाही, जाहिरात होते. पण घेताना साडी उलटी करा आणि अंग-पदराची जोड बोटानं चाचपा. फाश्यांची बारीक रांग हाताला लागली पाहिजे. गुळगुळीत लागलं तर पॉवरलूम समजा, दुकानदार काहीही सांगो. मग पदराचा एक लाल दोरा ओढा आणि जाळून बघा. रेशीम असेल तर केस जळाल्याचा वास आणि चुरा होणारी राख. गोळी होऊन कडक झाला तर ठेवा तिथंच. आणि पहिल्या धुण्याला फार वेळ भिजत ठेवू नका, नाहीतर लाल रंग अंगावर उतरेल आणि तुमच्या सलगतेची वाट लागेल.