संदर्भसूची अकारविल्हे लावताना नोंदींचे तुकडे होतात, काय करू?

मराठीतून प्रबंध लिहितेय. सूचीत १८० नोंदी आहेत आणि आडनावाप्रमाणे अकारविल्हे हव्यात. वर्डमध्ये सगळं निवडून सॉर्ट केलं, तर लेखक एकीकडे आणि प्रकाशकाचं गाव भलतीकडे. काही नोंदी तर जागच्या हलल्याच नाहीत. आठवड्यात प्रत द्यायची आहे. हातानेच लावू का?

प्रतिसाद १
ताई, हाताने मुळीच नको. आधी कंट्रोल-झेड करा आणि फाइलची एक प्रत बाजूला ठेवा.

वर्ड परिच्छेद लावतं. ओळ मोडायला मध्येच एन्टर दिलं, की एका नोंदीचे दोन परिच्छेद होतात, ते तुमचे तुकडे. उलट दोन नोंदींमध्ये शिफ्ट-एन्टर असेल तर त्या एकच परिच्छेद राहतात, म्हणून हलत नाहीत. होम टॅबवरचं ¶ बटण दाबा, सगळं दिसेल. एक नोंद, शेवटी एकच एन्टर. दुसरी ओळ आत सरकवायला स्पेस किंवा टॅब नको, नोंदी निवडून कंट्रोल-टी दाबा.

नोंदीच्या सुरुवातीचे 'डॉ.', 'प्रा.', हाताने टाकलेले आकडे, अवतरणचिन्हं काढा. त्याच लेखकासाठी नावाऐवजी आडवी रेघ मारली असेल तर तिथे पूर्ण नाव घाला. रेघ सॉर्ट झाल्यावर. मग शीर्षक सोडून फक्त नोंदी निवडा, सॉर्टमध्ये परिच्छेद आणि चढता क्रम घ्या, ऑप्शन्समध्ये भाषा मराठी ठेवा.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण सॉर्टनंतर ळ आणि क्ष डोळ्यांनी तपासाच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या क्रमांकांत, ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. म्हणजे कालेलकर, काळे, कावळे, काशीकर असा क्रम लागला असेल, तर वर्णमालेप्रमाणे काळे शेवटी जायला हवेत. क्षीरसागर 'क' मध्ये, कौ नंतर सापडतील, कारण संगणकाला क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. ते तिथेच ठेवायचे की सूचीच्या शेवटी, हे मार्गदर्शकांना आत्ताच विचारा. आणि काही नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा. तिथे पडद्यावर 'क' दिसला तरी आत इंग्रजी अक्षर असतं. इंग्रजी संदर्भांची यादी मी तरी वेगळीच ठेवेन.

धागाकर्ती
¶ दाबल्यावर कळलं, पहिल्या ४० नोंदींत सगळीकडे शिफ्ट-एन्टर होतं! सूची लागली. क्षीरसागर शेवटी न्यायला सरांनी सांगितलंय. दोघांचेही मनापासून आभार.